माणसाळलेला आणि पाळीव : न्यू मेक्सिकोतल्या वुल्फडॉगना भेटण्याआधी

वाचनपाठ – स्तर ४

वाचण्यापूर्वी

१. तुमच्या घरी किंवा शेजारी कुत्रा आहे का? एखादी गोष्ट त्याला जमली नाही, की तो काय करतो?
२. ‘जंगली’, ‘माणसाळलेला’ आणि ‘पाळीव’ या तीन शब्दांत काय फरक असेल? आधी अंदाज करा. पाठ वाचून झाला की तुमचं उत्तर पुन्हा तपासा.

वाट कुठली?

मित्रांनो, अमेरिकेच्या नकाशावर न्यू मेक्सिको राज्य शोधा. तिथल्या अल्बुकर्की शहरातून इंटरस्टेट ४० ने पश्चिमेकडे निघालं, की साधारण सव्वा तासात ग्रँट्स नावाचं गाव येतं. तिथून राज्य महामार्ग ५३ नैर्ऋत्येकडे जातो. वाटेत काळ्या लाव्हाच्या दगडांचा मोठा प्रदेश लागतो. त्याचं नाव एल माल्पाइस, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘वाईट जमीन’. पुढे एल मॉरो नावाचा उंच कडा दिसतो. त्याच्या पायथ्याशी पाण्याचं एक कुंड आहे. या कोरड्या भागात पाणी मिळणार म्हणून शेकडो वर्षं प्रवासी तिथे थांबत आणि खडकावर आपली नावं कोरत. त्यांतलं एक नाव १६०५ सालचं आहे!

एल मॉरोच्या पलीकडे, रामा नावाच्या गावाच्या बाजूला, कँडी किचन ही छोटी वस्ती आहे. तिथे ‘वाइल्ड स्पिरिट वुल्फ सँक्च्युअरी’ आहे. १९९१ साली सुरू झालेल्या या जागेत लोकांच्या घरांतून, परसातून आणि साखळ्यांतून सोडवून आणलेले लांडगे आणि वुल्फडॉग राहतात.

‘वाळवंट’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंट आले असतील. इथे तसं काही नाही. हे उंचावरचं वाळवंट आहे. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून जास्त उंच! पाऊस कमी, हवा कोरडी, लाल-पिवळी माती, आणि मधे मधे जुनिपर आणि पिन्यॉन पाइनची बुटकी झाडं. उन्हाळ्यात दुपारी ऊन चटके देतं, तर हिवाळ्यात चक्क बर्फ पडतो. दाट केसांच्या लांडग्याला ही थंडी मानवते.

अभयारण्य की आश्रयस्थान?

इथे आधी एक शब्द नीट समजून घेऊ. इंग्रजीतल्या ‘सँक्च्युअरी’ या शब्दासाठी मराठीत आपण पटकन ‘अभयारण्य’ म्हणतो. अभय म्हणजे भीती नसणं. अभयारण्यात प्राणी मोकळे असतात. ते स्वतः शिकार करतात, स्वतः घर शोधतात. माणूस फक्त त्यांना त्रास होणार नाही एवढं बघतो.

वाइल्ड स्पिरिटमधले प्राणी मात्र जाळीच्या कुंपणात राहतात. त्यांना खायला माणसं देतात. आजारी पडले तर डॉक्टर माणसंच बोलावतात. म्हणून या जागेला ‘आश्रयस्थान’ म्हणणं जास्त बरोबर. ज्यांना दुसरीकडे कुठेच जागा नाही, त्यांना मिळालेला आसरा. एकदा इथे आलेला प्राणी बहुधा आयुष्यभर इथेच राहतो.

पण त्यांना दुसरीकडे जागा का नाही? कुत्र्यासारखं एखाद्या चांगल्या घरी का देत नाहीत? आणि लांडगाच असेल तर जंगलात का सोडत नाहीत? या पाठात आपण याच दोन प्रश्नांची उत्तरं शोधणार आहोत.

वुल्फडॉग म्हणजे कोण?

कुत्रा हा लांडग्याचाच वंशज आहे. निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, काही लांडगे माणसाच्या जवळ राहू लागले आणि त्यांच्यापासून पुढे कुत्रे झाले. आजही दोघांचं नातं इतकं जवळचं आहे, की त्यांना एकमेकांपासून पिल्लं होऊ शकतात. त्या पिल्लांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना वुल्फडॉग म्हणतात.

अमेरिकेत असे प्राणी बरेचदा माणसांनी मुद्दाम तयार केलेले असतात. विकणारे सांगतात, “हा ७५ टक्के लांडगा आहे!” पण हा आकडा फसवा असतो. कुत्रा आणि लांडगा यांच्या पहिल्या पिढीत अर्धा भाग लांडग्याचा असतो, हे ठीक. पुढच्या पिढ्यांत मात्र कुठल्या पिल्लाकडे काय जाईल, ते सांगता येत नाही. एकाच वेळी जन्मलेल्या दोन भावांपैकी एक अंगणातल्या कुत्र्यासारखा वागेल आणि दुसरा पाहुणा आला की दिवसभर झाडामागे लपून बसेल. काही वेळा तर विकलेल्या पिल्लात लांडग्याचा अंशही नसतो. हस्की आणि मॅलाम्यूट या कुत्र्यांचं मिश्रण ‘लांडगा’ म्हणून खपवलं जातं.

लोक ते घेतात कशाला? पिवळे डोळे, लांब पाय, भरदार केस. पिल्लू तर इतकं गोड, की बघणारा विरघळतोच. मराठीत म्हणतात ना, हौसेला मोल नाही. पण या हौसेची किंमत शेवटी ते पिल्लू मोजतं.

माणसाळणं वेगळं, पाळीव असणं वेगळं

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मराठीत दोन सुंदर शब्द आहेत : माणसाळलेला आणि पाळीव.

एखादा जंगली प्राणी माणसांच्या सवयीचा झाला, माणूस दिसल्यावर पळेनासा झाला, की आपण म्हणतो, ‘तो माणसाळला’. ही त्या एका प्राण्याच्या आयुष्यात घडलेली गोष्ट आहे. त्याची पिल्लं जन्मतःच माणसाळलेली नसतात. त्यांच्यापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पाळीव असणं मात्र रक्तात असतं. ते एका प्राण्यात घडत नाही, पिढ्यान् पिढ्या घडत जातं.

हे कसं घडतं, ते एका प्रसिद्ध प्रयोगातून कळतं. १९५९ साली सोव्हिएत संघात, सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क इथे, दमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने कोल्ह्याच्या जातीच्या ‘सिल्व्हर फॉक्स’ प्राण्यांवर प्रयोग सुरू केला. त्याने एकच नियम ठेवला. प्रत्येक पिढीत माणसाला सगळ्यात कमी घाबरणारे प्राणी निवडायचे आणि फक्त त्यांचीच पिल्लं वाढवायची. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्लं माणूस आला की शेपूट हलवू लागली, हात चाटू लागली. पुढे तर काहींचे कान लोंबते झाले, अंगावर पांढरे ठिपके आले. लक्षात घ्या, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ती जन्मालाच तशी आली होती.

कुत्र्याच्या बाबतीत अशी निवड हजारो वर्षं होत आली आहे. लांडग्याच्या बाबतीत ती झालेली नाही. म्हणून लांडग्याचं पिल्लू कितीही प्रेमाने, बाटलीने दूध पाजून वाढवलं, तरी ते माणसाळलेला लांडगा होतं. कुत्रा होत नाही.

हा फरक दोन गोष्टींत छान दिसतो.

पहिली गोष्ट बालपणाची. पिल्लाला आधी वास कळू लागतो, मग ऐकू येतं, मग नीट दिसतं. हा क्रम कुत्रा आणि लांडगा दोघांचा सारखाच असतो. पण लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की चालायला, शोधायला लागतं. तेव्हा त्याला फक्त वासाचं जग कळत असतं. पुढे कान आणि डोळे काम करू लागले, की प्रत्येक नवा आवाज आणि प्रत्येक नवं दृश्य त्याला दचकवतं. कुत्र्याचं पिल्लू चार आठवड्यांनी शोधाशोध सुरू करतं. तोवर त्याला ऐकू येत असतं, थोड्याच दिवसांत दिसूही लागतं. म्हणून माणूस, मांजर, व्हॅक्यूम क्लीनर, दाराची बेल या सगळ्यांशी ते सहज ओळख करून घेतं.

दुसरी गोष्ट अडचणीची. २००३ साली हंगेरीतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कुत्र्यांना आणि माणसांनीच वाढवलेल्या लांडग्यांना दोरी ओढून मांस मिळवायला शिकवलं. दोघेही शिकले. मग गुपचूप ती दोरी अशी अडकवली, की ओढून काही उपयोग होऊ नये. काय झालं असेल? कुत्र्यांनी थोडा वेळ प्रयत्न केला आणि मागे वळून माणसाकडे पाहिलं, जणू म्हणत होते, “अहो, जरा मदत करा ना!” लांडगे मात्र दोरी ओढतच राहिले. माणसाकडे बघावं, हे त्यांना क्वचितच सुचलं.

पाठाच्या सुरुवातीचा पहिला प्रश्न आता पुन्हा आठवा.

पिल्लू मोठं होतं तेव्हा

वुल्फडॉगचं पिल्लू पहिले काही महिने कुत्र्यासारखंच वाटतं. दोन-तीन वर्षांचं होता होता ते वयात येतं आणि तेव्हा खरी अडचण सुरू होते. सगळेच सारखे नसतात, पण ज्याच्यात लांडग्याचा अंश जास्त, त्याच्या बाबतीत साधारण असं घडतं :

● ते सोफा फाडतं, दार कुरतडतं, जमीन खणतं. हा खोडकरपणा नसतो. दिवसात मैलोन् मैल भटकणाऱ्या प्राण्याला एका खोलीत कोंडल्यावर दुसरं काय होणार?
● साधं कुंपण ते सहज पार करतं. वरून उडी मारतं किंवा खालून खणून बाहेर पडतं. म्हणून अशा प्राण्यांसाठी साधारण आठ फूट उंच जाळी लावतात आणि ती जमिनीतही पुरतात.
● आपलं अन्न ते जिवापाड राखतं. ताटलीकडे हात नेला तर गुरगुरतं, चावूही शकतं.
● अनोळखी माणसांना ते घाबरतं. राखणदार म्हणून त्याचा उपयोग शून्य! चोर आला तर हेच आधी लपून बसेल.

त्यात कायद्याची अडचण. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. काही ठिकाणी वुल्फडॉग पाळता येतो, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे. शिवाय रेबीजची लस कुत्र्यांसाठी मान्य असली, तरी वुल्फडॉगसाठी मान्यता मिळालेली नाही. तो कुणाला चावला, तर लस टोचलेली असूनही ‘लस नाही’ असं धरलं जाऊ शकतं. रेबीजची खात्रीची तपासणी मेंदूवर करतात, आणि त्यासाठी आधी प्राण्याला मारावं लागतं. म्हणजे घाबरून घेतलेला एक चावा त्याच्या जिवावर बेतू शकतो.

अशा वेळी मालक काय करतात? कुणी त्याला साखळीने बांधून ठेवतं. कुणी रस्त्यावर सोडून देतं. कुणी कुत्र्यांच्या निवाऱ्यात नेतं. तिथे ‘लांडगा’ असा शिक्का बसला, की बऱ्याच ठिकाणी नियमाप्रमाणे त्याला दुसऱ्या कुटुंबाला देता येत नाही. फार थोड्या नशीबवान प्राण्यांना वाइल्ड स्पिरिटसारखी जागा मिळते. अशा आश्रयस्थानांत जागा कमी आणि रांग मोठी असते. दत्तक घेतलेला वुल्फडॉग बारा-चौदा वर्षं जगू शकतो, म्हणजे एक जागा रिकामी व्हायला तेवढा काळ जातो.

मग जंगलात का सोडत नाहीत?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. याची तीन कारणं आहेत.

एक, शिकार ही शिकण्याची गोष्ट आहे. लांडग्याचं पिल्लू आई-वडिलांबरोबर फिरून ती शिकतं. लांडग्यांचा कळप म्हणजे मुळात एक कुटुंबच असतं : आई, वडील आणि त्यांची लहान-मोठी मुलं. परसात वाढलेल्या प्राण्याला हे शिक्षण मिळालेलंच नसतं.

दोन, तो माणसाळलेला असतो. भूक लागली की तो जंगलाकडे न जाता वस्तीकडे येणार. आणि वस्तीत लांडगा शिरला, की पुढे काय होतं ते सांगायला नको.

तीन, जंगलातल्या खऱ्या लांडग्यांना त्याच्यापासून धोका असतो. या भागात मेक्सिकन लांडगा नावाची दुर्मीळ उपजात आहे. विष, सापळे आणि बंदुका यांमुळे ती अमेरिकेच्या जंगलातून नाहीशी झाली होती. मेक्सिकोत पकडलेल्या अगदी थोड्या लांडग्यांपासून तिचा वंश पुन्हा वाढवला गेला. आजचे सगळे मेक्सिकन लांडगे फक्त सात पूर्वजांचे वंशज आहेत! १९९८ साली त्यांतले ११ लांडगे ॲरिझोनाच्या जंगलात सोडले. २०२३ अखेरच्या मोजणीत ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको मिळून निदान २५७ लांडगे मोजले गेले. पंचवीस वर्षांच्या या कष्टात कुत्र्याचं रक्त मिसळलं, तर जे वाचवायचं तेच हरवेल.

म्हणजे वुल्फडॉग घरात राहू शकत नाही आणि जंगलातही जाऊ शकत नाही. ही दोन्ही दारं त्याने स्वतः बंद केलेली नाहीत. त्याच्या जन्माआधीच माणसांनी ती बंद केली.

तिथे गेल्यावर

तुम्ही कधी आई-बाबांबरोबर तिकडे गेलात, तर आधी वेबसाइटवर वेळा बघून घ्या. एक गाइड तुम्हाला कुंपणाबाहेरच्या वाटेवरून फिरवतो आणि प्रत्येक प्राण्याची गोष्ट सांगतो. अशा ठिकाणी काही गोष्टी पाळायच्या असतात :

● जाळीतून बोट आत घालायचं नाही. कुत्र्याला करतो तसं “ये, ये” करून बोलवायचं नाही.
● पळायचं नाही, ओरडायचं नाही. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हा त्यांचा स्वभाव आहे.
● डोळ्यांत डोळे घालून टक लावून बघायचं नाही.
● खाऊ टाकायचा नाही. ते कच्चं मांस खातात. जंगलातला मोठा लांडगा भूक लागली असेल तर एका वेळी नऊ किलोपर्यंत मांस खातो!
● एखादा प्राणी झाडामागून बाहेरच आला नाही, तर नाराज व्हायचं नाही. लपायला जागा असणं हीच त्याच्यासाठी सुखाची गोष्ट आहे.

नशीब चांगलं असेल, तर एक जण मान वर करून लांब सूर काढेल. मग दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता सगळे. मराठीत कोल्ह्यांच्या ओरडण्याला ‘कोल्हेकुई’ म्हणतात. लांडग्याचा आवाज त्याहून खोल आणि लांबवर जाणारा असतो. “मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात?” असं ते आपल्या कुटुंबाला विचारत असतात. लांबलेल्या संध्याकाळी आजी गच्चीवरून हाक मारते ना, तसंच काहीसं.

आपल्याकडचं माळरान

असाच एक प्रश्न महाराष्ट्रातही आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आपला भारतीय लांडगा दाट जंगलात कमी आणि उघड्या माळरानावर जास्त राहतो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत धनगरांच्या मेंढ्या चरतात, त्याच माळावर. भारतात आता असे लांडगे सुमारे तीन हजारच उरले आहेत, असा अंदाज आहे. वाघाइतकंच कडक संरक्षण त्यांना कायद्याने दिलेलं आहे.

पुण्याजवळच्या माळावर अभ्यासकांना काही वेगळ्याच पिवळट रंगाचे लांडगे दिसले. त्यांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा भारतातला हा पहिला जनुकीय पुरावा होता. इथे कुणी हौसेने पिल्लं विकली नव्हती. माळरान कमी झालं, वस्ती वाढली, उकिरडे वाढले, त्यांवर जगणारे भटके कुत्रे वाढले. लांडगे थोडे आणि कुत्रे पुष्कळ, अशी वेळ आली. न्यू मेक्सिकोत कुंपणाआड दिसणारा प्रश्न पुण्याजवळ उघड्या माळावर फिरतो आहे, एवढाच फरक.

आपण काय करू शकतो?

फोनवर कधी कधी व्हिडिओ येतो : कुणीतरी लांडग्याला मिठी मारून बसलंय आणि खाली लिहिलंय, ‘मला पण हवा!’ पुढच्या वेळी तो व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. त्या पिल्लाचं दोन वर्षांनी काय झालं असेल, असा विचार करा. मित्राने विचारलं, तर त्याला माणसाळलेला आणि पाळीव यांतला फरक सांगा. मराठीत नाही समजलं तर इंग्रजीत सांगा, पण सांगा!

घरात प्राणी हवाच असेल, तर निवाऱ्यात कितीतरी कुत्रे वाट बघत आहेत. दोरी अडकली की ते तुमच्याकडेच वळून बघतील. लांडग्याला मात्र तुमच्या घराची गरज नाही. त्याला माळ हवा, कळप हवा, आणि आपण थोडं लांब राहायला हवं.

शब्दार्थ

वंशज – ज्यांचा जन्म त्या घराण्यात पुढे झाला ते. नातू-पणतू आणि त्यांच्या पुढचे
पूर्वज – आपल्या आधीच्या पिढ्यांतले लोक किंवा प्राणी
आसरा – संकटात राहायला मिळालेली जागा
मानवणे – अंगाला सोसणे, बरे वाटणे
जिवावर बेतणे – जीव जाण्याची वेळ येणे
परस – घराच्या मागची मोकळी जागा
संकर – दोन वेगळ्या जातींपासून झालेली संतती
माळरान – झाडं कमी आणि गवत जास्त असलेली उघडी जमीन
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा

विचार करा, बोला, लिहा

१. ‘अभयारण्य’ आणि ‘आश्रयस्थान’ यांतला फरक दोन वाक्यांत लिहा.
२. सर्कशीतला हत्ती माणसाळलेला की पाळीव? तुमचं कारण वर्गात सांगा.
३. वुल्फडॉगला जंगलात न सोडण्याचं कुठलं कारण तुम्हाला सगळ्यात जास्त पटलं? का?
४. तुमच्या मैत्रिणीला वुल्फडॉगचं पिल्लू विकत घ्यायचं आहे. तिला न दुखावता समजावणारं आठ-दहा ओळींचं पत्र लिहा.
५. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्या गावाजवळ माळरान होतं का? तिथे त्यांनी कधी लांडगा पाहिला होता का? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.